बंदुकीचा परवाना आणि घरातली बाई

चंदगड तालुक्यात उभ्या पिकात रानजनावरे घुसली, की बहुधा दोन मागण्या पुढे येतात. एक नुकसानभरपाईची आणि दुसरी बंदुकीच्या परवान्याची. या मागण्यांमागचे दुखणे खरे आहे. कर्नाटकातल्या जंगलातून गेली वीस वर्षे आणि त्याहूनही अधिक काळ हत्ती या भागात येत आहेत. गव्यांचे कळप, रानडुकरे तर कायमचीच. भात, नाचणी, ऊस, काजू यांवर ज्यांचे वर्ष निघायचे, त्यांचे वर्ष एका रात्रीत जाते. रात्र रात्र माळ्यावर बसून राखण करणाऱ्याला ‘बंदूक कशाला मागतोस?’ असे पुण्या-मुंबईतून विचारणे सोपे आहे. तसे विचारणाऱ्यांत आम्ही नाही.

आमचा प्रश्न वेगळा आहे. बंदूक शेतासाठी मागितली जाते, पण ती राहते घरात. ज्या घरात ती राहते त्या घरातल्या बाईला कोणी विचारले का?

नागरिकांनी बंदुका, त्यातही एकामागून एक गोळ्या झाडणाऱ्या सेमी-ऑटोमॅटिक रायफली बाळगाव्यात की नाही, यावर आज जगभर कडाक्याचा वाद चालू आहे. एक बाजू म्हणते, तो माणसाचा हक्क आहे. दुसरी बाजू म्हणते, सरकारने तो आवळला पाहिजे. नागरिक आणि सरकार यांच्यातला वाद, असे त्याचे स्वरूप मांडले जाते. या मांडणीतला ‘नागरिक’ म्हणजे बहुतेक वेळा घरातला कर्ता पुरुष असतो. बाईचे नाव येते ते फक्त ‘तिच्या रक्षणासाठी’ म्हणून. म्हणूनच या वादात आपण बोलायला हवे असे आम्हाला वाटते.

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहू, कारण आपल्यापैकी अनेकजणींचा या कायद्याशी कधी संबंध आलेला नसतो. १९५९ च्या शस्त्र कायद्यात बंदुकांची प्रतवारी आहे. चाप दाबून धरला की मॅगझिन रिकामे होईपर्यंत गोळ्या सुटतच राहतात, ती स्वयंचलित शस्त्रे ‘निषिद्ध’ मानली आहेत. त्याच्या खालची पायरी सेमी-ऑटोमॅटिक रायफलीची. इथे प्रत्येक गोळीला चाप पुन्हा दाबावा लागतो, पण पुढचे काडतूस आपोआप नळीत येऊन बसते. या भागातल्या फौजींच्या ओळखीची जुनी ‘एस.एल.आर.’, म्हणजे सेल्फ लोडिंग रायफल, याच जातीची. या रायफलींचा परवाना जिल्हाधिकारी देत नाहीत. ते प्रकरण केंद्रीय गृहमंत्रालयाकडे जाते आणि सामान्य माणसाला तो जवळजवळ मिळत नाहीच. सर्वांत खालच्या पायरीवर ठासणीची बंदूक. खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी तिचा परवाना द्यावा, असे कायद्याच्या कलम १३ मध्ये म्हटले आहे. ठासणीची पुरेशी पडत नाही असे अधिकाऱ्याला वाटले, तर लांब नळीची दुसरी, गुळगुळीत नळीची बंदूकही देता येते.

म्हणजे कायद्याने एक शिडीच ठेवली आहे. शिडी असली की वर चढण्याची मागणीही होणारच. ठासणीची पुरत नाही म्हणून काडतुसाची, ती एकदोनदाच उडते म्हणून आपोआप भरणारी. प्रत्येक पायरीवर कारण तेच सांगितले जाते, संरक्षण. म्हणून ही शिडी कुठे थांबवायची हा प्रश्न आजच विचारून ठेवलेला बरा.

ठासणीच्या बंदुकीत आणि सेमी-ऑटोमॅटिकमध्ये फरक काय, हे तांत्रिक माणसे वेगळ्या भाषेत सांगतील. बाईच्या बाजूने पाहिले तर तो फरक वेळेचा आहे. ठासणीच्या बंदुकीत दारू ओतायची, चिंधी सारायची, छर्रे घालायचे, गजाने ठासायचे, टोपी बसवायची, तेव्हा एक बार निघतो. तो चुकला तर पुन्हा पहिल्यापासून सगळे. दारूच्या नशेत हात थरथरत असतील तर आणखी वेळ. तेवढ्या वेळात बाई मागच्या दाराने निघून शेजारच्या घरात शिरू शकते, पोरे ओरडू शकतात, सासरा हात धरू शकतो, त्याचा स्वतःचा राग उतरू शकतो. सेमी-ऑटोमॅटिक बंदूक नेमका हाच वेळ काढून घेते. बाईचा जीव अनेकदा अशा एका मिनिटावर तगलेला असतो, हे समुपदेशन केंद्रात बसणाऱ्या कुठल्याही कार्यकर्तीला ठाऊक आहे.

आणि बंदूक उडालीच पाहिजे असेही नाही. भिंतीवर टांगलेली असली तरी पुरते. भांडणात त्याने तिच्याकडे नुसते पाहिले तरी बाईला समजायचे ते समजते. पोलिसात जाऊ का, माहेरी जाऊ का, जमिनीत हिस्सा मागू का, या प्रत्येक विचारावर त्या भिंतीवरच्या वस्तूचा पहारा असतो. अशी धमकी कुठल्याही दवाखान्याच्या कागदावर येत नाही, कारण तिचा वळ उठत नाही.

आता संरक्षणाच्या युक्तिवादाकडे वळू. आधी पिकाचे. हत्ती आणि गवा हे दोन्ही प्राणी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. पिकाची नासाडी केली एवढ्या कारणासाठी त्यांना गोळी घालण्याची परवानगी मिळत नाही. रानडुकरांबाबत परवानगी मिळू शकते, तीही रीतसर अर्ज करून. म्हणजे चंदगडच्या शेतकऱ्याचे सर्वांत मोठे नुकसान जी जनावरे करतात, त्यांच्यावर त्याची बंदूक कायद्याने चालवताच येत नाही. फार तर हवेत बार काढून हुसकावता येते. मग उरते काय? भरपाई. ती सातबारावर ज्याचे नाव त्याला मिळते. त्या शेतात भांगलण करणारी, भात लावणारी, नाचणी कापणारी बाई सातबारावर फारशी कुठे दिसत नाही. पिकाचे रक्षण हा खरोखर कळकळीचा विषय असेल तर वेळेवर भरपाई, सौर कुंपण, वनखात्याचे तत्पर पथक आणि सातबारावर बाईचे नाव या मागण्या बंदुकीच्या आधी यायला हव्यात.

दुसरा युक्तिवाद हक्काचा. १८७८ चा शस्त्र कायदा इंग्रजांनी हिंदी माणसाला नि:शस्त्र करण्यासाठी आणला, त्याविरुद्ध राष्ट्रीय चळवळीत संताप होता, आणि १९३१ च्या कराची काँग्रेसच्या ठरावात नियमांच्या चौकटीत शस्त्र बाळगण्याचा हक्क मागितला होता. हे सगळे खरे आहे. पण त्यापुढचेही सांगायला हवे. १९४८ च्या डिसेंबरात घटना समितीपुढे हा हक्क मूलभूत हक्कांत घालण्याची सूचना ह. वि. कामत यांनी आणली, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिला विरोध केला आणि ती फेटाळली गेली. परक्या सत्तेविरुद्ध मागितलेला हक्क आणि स्वतंत्र देशात आपल्याच शेजाऱ्यावर, आपल्याच घरात रोखता येईल असा हक्क, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्या गावात जमीन, पाणवठा आणि पंचायत एका जातीच्या मुठीत असते, तिथे बंदुकाही कोणाच्या हाती जातील हे सांगायला नको.

तिसरा युक्तिवाद आपल्याच नावाने केला जातो: बायकांच्या रक्षणासाठी. १९९३ च्या मुंबई बाँबस्फोटांच्या तपासात अभिनेता संजय दत्त याच्याकडे बेकायदा एके-५६ रायफल होती हे उघड झाले. ती आपण कुटुंबाच्या सुरक्षिततेसाठी ठेवली, असे त्याचे म्हणणे होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली शस्त्र कायद्याखालची ५ वर्षांची शिक्षा दिली. पण ‘घरच्यांसाठी ठेवली’ हे वाक्य तेव्हा कितीतरी लोकांना पटले होते, हे विसरता येत नाही. २०१२ च्या दिल्लीतल्या सामूहिक बलात्कारानंतर, २०१४ च्या जानेवारीत, कानपूरच्या सरकारी शस्त्र कारखान्याने ‘निर्भीक’ नावाचे हलके रिव्हॉल्व्हर खास स्त्रियांसाठी म्हणून बाजारात आणले. किंमत सव्वा लाखाच्या घरात. ज्या बाईला रात्री अंधाऱ्या रस्त्याने कामावरून घरी यावे लागते, तिच्या वर्षाच्या कमाईत तरी ते बसते का? आणि बसले तरी ते कोणावर रोखायचे? राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकडेवारीत स्त्रियांवरील गुन्ह्यांमध्ये सर्वांत मोठा वाटा ‘नवऱ्याकडून किंवा नातेवाइकांकडून क्रूरता’ याचा असतो. बलात्काराच्या नोंदींतही आरोपी बहुतेक वेळा ओळखीचा असतो. रस्त्यावरच्या अनोळखी गुंडासाठी घेतलेली बंदूक घरातल्या ओळखीच्या माणसाच्याच हाती पडते.

एखादी एकटी राहणारी बाई, जिच्या जमिनीवर भाऊबंदांचा डोळा आहे, ती स्वतःसाठी परवाना मागते, तेव्हा तिला आम्ही चूक म्हणणार नाही. पण तिला बंदूक का मागावी लागली, पोलीस ठाणे तिच्या अर्जावर का हलले नाही, हा प्रश्न बंदूक मिळाल्याने सुटत नाही. तो मिटवून टाकला जातो.

आता थोडे बाहेरच्या जगाकडे पाहू, कारण तिथल्या बायकांनी याची फार मोठी किंमत मोजून काही मिळवले आहे. ६ डिसेंबर १९८९ रोजी कॅनडातल्या माँट्रियल शहरात एका अभियांत्रिकी महाविद्यालयात एक तरुण सेमी-ऑटोमॅटिक रायफल घेऊन शिरला. एका वर्गात त्याने मुलगे आणि मुली वेगळे केले, मुलग्यांना बाहेर काढले, स्त्रीवाद्यांचा आपल्याला द्वेष वाटतो असे सांगितले आणि गोळ्या झाडल्या. त्या दिवशी त्याने एकूण १४ स्त्रिया मारल्या. त्याची रायफल चोरीची नव्हती, ती कायदेशीरपणे विकत घेतलेली होती. वाचलेल्या मुली आणि मेलेल्यांचे आईवडील गप्प बसले नाहीत. त्यांच्या मोहिमेतून १९९५ चा कॅनडाचा बंदूक कायदा आला. त्या जातीची रायफल मात्र २०२० साली बंदी घातलेल्या सुमारे १,५०० प्रकारांत गेली. म्हणजे ३० वर्षे लढावे लागले. पण कॅनडातली एक तरतूद आपण लक्षात ठेवण्यासारखी आहे. तिथे बंदुकीचा परवाना मागणाऱ्याच्या अर्जावर सध्याच्या, आणि मागच्या दोन वर्षांतल्या जोडीदाराची सही मागतात. सही नसेल तर अधिकारी त्या जोडीदाराला अर्जाची खबर देतात. म्हणजे बाईला विचारणे अशक्य नाही.

ऑस्ट्रेलियात १९९६ च्या एप्रिलमध्ये पोर्ट आर्थर येथे ३५ माणसे मारली गेल्यावर काही आठवड्यांत सेमी-ऑटोमॅटिक रायफलींवर बंदी आली आणि लोकांच्या घरातल्या लाखो बंदुका सरकारने पैसे देऊन परत घेतल्या. न्यूझीलंडने २०१९ साली ख्राइस्टचर्चच्या दोन मशिदींतल्या ५१ बळींनंतर महिन्याभरात तसाच कायदा केला. बंदुकीला देव मानणाऱ्या अमेरिकेतसुद्धा, घरगुती हिंसेबद्दल कोर्टाचा संरक्षण आदेश ज्याच्यावर आहे त्याला बंदूक बाळगता येणार नाही हा कायदा २०२४ च्या जूनमध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मताने उचलून धरला.

आणि आपल्याकडे? केंद्रीय गृहमंत्रालयाच्या आकड्यांनुसार २०१६ च्या अखेरीस देशात सुमारे ३३ लाख ६९ हजार शस्त्र परवाने होते. एकट्या उत्तर प्रदेशात पावणेतेरा लाखांच्या आसपास, महाराष्ट्रात ८४ हजारांच्या घरात. महाराष्ट्राचा आकडा लहान आहे म्हणून निर्धास्त राहावे असे नाही. परवान्यासाठी पोलीस ठाण्याचा अहवाल लागतो, डॉक्टरचा दाखला लागतो. पण अर्जदाराच्या बायकोशी स्वतंत्रपणे बोला, असे कलम १३ म्हणत नाही. ज्याला हिंसेच्या गुन्ह्यात कैदेची शिक्षा झाली त्याला काही वर्षे परवाना मिळत नाही, असे कलम ९ सांगते. पण बायकोला मारणाऱ्या किती जणांना शिक्षा होते? पूर्वीचे कलम ४९८-अ, म्हणजे १ जुलै २०२४ पासूनचे भारतीय न्याय संहितेचे कलम ८५, याखालची किती प्रकरणे पंचांच्या बैठकीत, ‘लेकरांकडे बघ’ म्हणत मिटवली जातात? शिक्षा नाही म्हणून गुन्हा नाही, आणि गुन्हा नाही म्हणून बंदूक तिथेच.

एक गोष्ट मात्र आपण दर निवडणुकीला पाहतो. आचारसंहिता लागली की परवान्यांची छाननी होते आणि ज्यांच्यापासून धोका वाटतो त्यांच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा केल्या जातात. मतदान शांततेत व्हावे म्हणून सगळी यंत्रणा हलते. मतपेटीला धोका आहे असे वाटले तर बंदूक जमा होते, आणि बाई रक्ताळलेल्या डोक्याने पोलीस ठाण्यात आली तरी ती घरीच राहते! यंत्रणा नाही असे कोणी सांगू नये. यंत्रणा आहे. ती बाईसाठी वापरायची नाही एवढेच ठरलेले आहे.

म्हणूनच आहे त्या कायद्यातली दोन हत्यारे आपण नीट ओळखून घेतली पाहिजेत. पहिले, शस्त्र कायद्याचे कलम १७. परवानाधारक कोणत्याही कारणाने अपात्र आहे, किंवा सार्वजनिक सुरक्षिततेसाठी आवश्यक आहे, असे वाटल्यास परवाना देणारा अधिकारी तो स्थगित वा रद्द करू शकतो. त्यासाठी कोर्टाच्या शिक्षेची वाट पाहावी लागत नाही. दुसरे, कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा २००५ आणि त्याचे २००६ चे नियम. त्यातल्या नियम १० प्रमाणे मॅजिस्ट्रेटने लेखी आदेश दिला तर संरक्षण अधिकारी पोलिसांच्या मदतीने हिंसेत वापरलेले शस्त्र जप्त करू शकतात. पण असा आदेश मागावा लागतो. मागायचा तर घरात बंदूक आहे हे आधी आपल्याला माहीत असायला हवे.

या वाटेत दोन अडचणी आहेत आणि त्या झाकून चालणार नाही. चंदगड, आजरा, गडहिंग्लज या पट्ट्यातून पिढ्यान् पिढ्या पोरे फौजेत जात आली आहेत. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र तर शेजारीच, बेळगावात. निवृत्त फौजीला बंदुकीचा परवाना असला तर बँकेच्या किंवा कारखान्याच्या दारात पहारेकऱ्याची नोकरी मिळते. त्याचा परवाना गेला तर घरातली चूल विझते, आणि ती विझलेली चूल पुन्हा बाईच्याच पुढ्यात. अशा वेळी बंदूक कामाच्या जागी कुलपात राहील, घरी येणार नाही, अशी अट घालता येईल. नोकरी टिकेल आणि भिंतही मोकळी राहील.

दुसरी अडचण बिनपरवान्याच्या बंदुकांची. रानात शिकारीला जाणाऱ्यांच्या हाती गावठी ठासणीच्या बंदुका असतात हे गावात कोणाला माहीत नसते? बाईने तिची वर्दी दिली तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर नवऱ्याला किमान २ वर्षे कैद होऊ शकते. मग सासर तिला उभी करील? पोरांच्या तोंडात घास कोण घालील? ‘तक्रार कर’ असे तिला नुसते सांगणे म्हणजे जबाबदारी तिच्यावर ढकलून मोकळे होणे आहे. ठरावीक मुदतीत, कुठलाही खटला न भरता, अशी शस्त्रे जमा करून घेण्याची मोहीम सरकारने काढली पाहिजे. वर सांगितलेल्या ऑस्ट्रेलियात परवान्याशिवायच्या बंदुकाही मुदतीत आणून दिल्यास शिक्षा केली नव्हती.

यावरून आपल्या मागण्या अशा निघतात:

१. सेमी-ऑटोमॅटिक रायफलींबाबतचे आजचे कडक धोरण कुठल्याही निमित्ताने, पीकसंरक्षणाच्या किंवा स्त्रीरक्षणाच्या नावाने, सैल करू नये.

२. नवा परवाना देताना आणि दर ५ वर्षांच्या नूतनीकरणाच्या वेळी घरातल्या प्रौढ स्त्रियांशी महिला अधिकाऱ्याने एकांतात बोलावे. त्यांचे म्हणणे गुप्त ठेवावे. नवऱ्यासमोर घेतलेली सही किंवा अंगठा ही संमती समजू नये.

३. घरगुती हिंसेची तक्रार नोंदवताना ‘घरात शस्त्र आहे का?’ हा प्रश्न विचारणे सक्तीचे करावे, आणि उत्तर होय असेल तर त्याच दिवशी शस्त्र जमा करून घ्यावे.

४. बिनपरवान्याची शस्त्रे विनाशिक्षा जमा करण्याची मुदत जाहीर करावी.

५. वन्यप्राण्यांमुळे झालेल्या नुकसानीची भरपाई वेळेवर आणि पती-पत्नी दोघांच्या नावे द्यावी.

दुसरी मागणी वाचून काहीजण हसतील. ‘आता बंदुकीला पण बायकोची परवानगी!’ दारूच्या दुकानाबाबतही असेच हसले होते. पण महाराष्ट्रात बायकांनी मतदान मागून, बाटली आडवी करून गावोगावची दुकाने बंद केली. दुकान गावात असावे की नाही हे जर बाई ठरवू शकते, तर बंदूक तिच्या उशाशी असावी की नाही हे तिने का ठरवू नये? दारू आणि बंदूक एका घरात आली की काय होते, हे तिच्याइतके कोणाला कळते?

सरकार या मागण्या लगेच मान्य करणार नाही. तोवर एक काम आपल्या हातात आहे आणि त्याला कोणाची परवानगी लागत नाही. मैत्रिणींनो, तुमच्या केंद्रात, गटाच्या बैठकीत, बचतगटाच्या हिशोबाच्या दिवशी कोणी बाई मार खाऊन आली, तर तिला चार प्रश्न विचारा: घरात बंदूक आहे का? परवान्याची की बिनपरवान्याची? कुठे ठेवलेली असते? काडतुसे किंवा दारू कोणाच्या ताब्यात असते? उत्तरे तिच्या संमतीनेच लिहून ठेवा आणि ती कोणाच्या हाती लागू देऊ नका. बंदूक परवान्याची असेल आणि ती तयार असेल, तर जिल्हाधिकाऱ्यांकडे कलम १७ खाली अर्ज करा, मॅजिस्ट्रेटकडे नियम १० चा आदेश मागा. ती तयार नसेल तर निदान त्या घरातून बाहेर पडण्याची वाट कोणती, रात्री कोणाचे दार ठोठवायचे, पोरांना काय सांगून ठेवायचे, एवढे तिच्याबरोबर बसून ठरवा. तुम्ही असे अर्ज केलेत तर काय उत्तर मिळाले ते आम्हाला जरूर कळवा. नकार मिळाला असेल तर तोही कळवा, कारण पुढच्या निवेदनात नकारांची यादीच आपल्या कामी येईल.